एकादशीची बाजू

अप्पा,

परवा पितृपक्ष लागतोय आणि मी पुरता कोंडीत सापडलोय. हे तुमच्याखेरीज कुणापुढे बोलावं असं माणूस उरलेलं नाही, आणि तुम्ही कुठेही नाही असं मी बावीस वर्षं सगळ्यांना ठणकावून सांगत आलोय. हसा खुशाल.

आपल्या वादाला नियम तुम्हीच घालून दिलात. मी नुकता कॉलेजात जायला लागलो होतो. रामघाटावर एक म्हातारा पिंडाला हात जोडून रडत होता आणि मी फिसकन हसलो. घरी आल्यावर तुम्ही चपला काढता काढता म्हणालात, "हसणं हा मुद्दा नव्हे रे. मुद्दा असेल तर मांड." पाठशाळेत तुम्ही न्यायशास्त्र शिकवायचात. समोरच्याचं म्हणणं त्याच्याहून चांगलं मांडता येईपर्यंत ते खोडायचा अधिकार नाही, ही तिथली शिस्त. तीच घरात आणलीत. रोज जेवणं झाली की दालानात तुम्ही देव, परलोक, श्राद्ध मानणारे आणि मी न मानणारा. एकादशीला मात्र बाजू बदलायच्या. त्या दिवशी मी आस्तिक आणि तुम्ही नास्तिक, आणि खरं सांगू, नास्तिक तुम्ही माझ्यापेक्षा सरस होतात. भयंकर चीड यायची मला. आई वरीचे तांदूळ शिजवता शिजवता आतून म्हणायची, "आज ह्यांच्या अकलेचाही उपास दिसतोय!" मग तिघंही हसायचो.

आपला शेवटचा वाद नावेत झाला. नदीपलीकडे रामनगरला तुमच्या कुणा स्नेह्याला भेटून आपण परत येत होतो, दुपार कलली होती, आणि एकादशी होती. तुम्ही रंगात आला होतात. मेलेल्याला भूक नसते, पिंड मासे खातात, समाधान फक्त करणाऱ्याचं होतं, एकेक मुद्दा असा ठेवत होतात की मला बिचाऱ्या आस्तिकाला तोंड उघडता येईना. वल्ही मारणारा मल्लाह ऐकत होता. त्याचे हात थांबले, आपल्या बापाला काहीच पोचत नाही का या धास्तीने. "त का पंडितजी, हमरे बाबू के कुछ ना मिलेला?" तुम्ही तत्काळ गंभीर झालात. "मिलता है भैया, जरूर मिलता है. आज एकादशी है, इसलिए उलटा बोल रहे हैं." तो पुन्हा वल्ही मारायला लागला. आणि मग तुम्ही माझ्याकडे वळून मराठीत म्हणालात, "पण तू माझं करू नकोस हो. न मानता केलेलं मला नको."

अप्पा, हे कुणी म्हटलं? तुम्ही, की एकादशीच्या नास्तिकाने? तुमचा चेहरा हसरा होता की नव्हता तेही मला दिसलं नाही, ऊन डोळ्यांवर येत होतं. विचारू म्हटलं उद्या. दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्हाला लकवा मारला आणि वाचा गेली. मी दोनदा तुमच्या उशाशी बसून विचारलं. तुम्ही नुसते बघत राहिलात. आठव्या दिवशी गेलात.

अग्नी तेवढा मी दिला. पुढचे दिवस केले नाहीत. चुलतभाऊ करायला तयार होता, त्यालाही "अप्पांचीच तशी इच्छा होती" म्हणून अडवलं. किती सोयीची इच्छा! आईला तुमचं वाक्य सांगितलं आणि एकादशी गाळली, जणू काही तिला ठाऊकच नव्हती. ती एवढंच म्हणाली, "तुला पटलंय ना? मग झालं." पुढे वीस वर्षं, तुमच्या तिथीला ती पान वाढून गच्चीत कावळ्यासाठी ठेवायची आणि तीन वाजता जेवायची. मला कधी हाक मारली नाही. मी खोलीत पेपर वाचत बसायचो. करावं तर तुमचा शब्द मोडतो, न करावं तर तुमच्या एका थट्टेला धरून बसलोय. वीस वर्षं हेच, अप्पा. नुसता चरफडत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी आई गेली. जायच्या आधी माझा हात धरून म्हणाली, "माझं मात्र करायचं. मी कधी बाजू बदलली नाही."

केलं. सगळं केलं. तिच्या वर्षश्राद्धात नावं ती, आजी, पणजी अशी असतात, तुमचं येत नाही; सुटलो म्हटलं. पण आता पितृपक्षातला महालय आला; पहिलं वर्ष तो नसतोच. गुरुजी तुमचेच विद्यार्थी. मी चाचरत विचारलं, वडिलांचं नाव सोडून आईचं करता येईल का? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मेल्याहून मेल्यासारखं झालं. म्हणाले, "महालय तर वडिलांच्याच तिथीला. पहिला पिंड त्यांचा." मी तुमचं वाक्य सांगितलं. त्यांनी हळूच विचारलं, "सर हे कुठल्या दिवशी म्हणाले होते?" तुमच्या विद्यार्थ्याला नियम ठाऊक असणारच. मी म्हटलं, आठवत नाही.

आईला शब्द दिलाय, तेव्हा बसेन. तुमचं नाव घेईन. हा कागद कुठे पाठवायचा नाही, टेबलाच्या खणात पडून राहील, म्हणून एक लिहून टाकतो. श्राद्धाचं अन्न पोचत नसेल तर माझं काहीच बिघडत नाही. पण पोचत असेल, तर माझ्या पिंडाविना तुम्ही बावीस वर्षं उपाशी होतात असं ठरतं. आता मी हे मानत नाही, तो केवळ ह्या भीतीने, अप्पा. मुद्दा माझ्याकडे एकही उरलेला नाही.