हातातला वाडगा

बुसान,
१२ ऑक्टोबर २००३

ती. थाओताईस,
लुआचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आजीची नजर पार गेली आणि आता ती आवाजावरून माणसं ओळखते, हे वाचलं. नोव्हेंबरमध्ये येते असं मी कळवलं होतं. येणार नाही. कारण सांगते.

आपल्याकडच्या तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या, शेतीची पाहणी करायला आमच्या प्रयोगशाळेतून कुणीतरी एक जाणार होतं. गाव आपलं, भाषा माझी, म्हणून नावही माझंच होतं. स्वतःच्या खर्चाने येणं मला परवडत नाही, हे तुला ठाऊक आहे.

तेवढ्यात प्रयोगशाळेचे प्रमुख ह्वांग सर यांनी सगळ्यांना जेवायला नेलं. मी घरच्यासारखंच केलं. जेवायच्या काड्या उचलण्याआधी एकेका वडीलधाऱ्याला मानाने हाक मारून जेवा म्हटलं आणि भाताचा वाडगा हातात घेतला. इथले कोरियन लोक वाडगा टेबलावरून उचलत नाहीत. चो मिरान म्हणून माझी सिनिअर आहे. तिने सगळ्यांदेखत विचारलं, की तुमच्याकडे सगळेच असे भिकाऱ्यासारखे वाडगा धरून जेवतात, की तूच एकटी? वर म्हणाली, हजेरी घेऊन झाली असेल तर आम्ही घास घेऊ का? सगळे हसले. मला शब्दन् शब्द कळला, पण उत्तर जुळेपर्यंत विषय बदलला होता. दुसऱ्या दिवशी तिने सरांना सांगितलं, की या मुलीला ना भाषा येते ना रीत, हिला पाठवलं तर आपलंच हसं होईल. आता माझ्या जागी ती येते आहे.

ती आपल्याच घरी उतरेल. तिला काही शिकवू नका. ती वाडगा आपल्या मोठ्या ताटातच ठेवून घास घ्यायला मान खाली नेईल. मग पाहुणी कशी जेवते ते आजीच्या कानात सांग. आजी काय बोलेल ते मला माहीत आहे. दुभाष्याला ते जसंच्या तसं सांगायला लाव. इथली किमची मी खायला शिकले, ताई. हे गिळायला शिकणार नाही.

आईला नमस्कार. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
लुआ


थाई बिन्ह,
२३ नोव्हेंबर २००३

चि. लुआस अनेक आशीर्वाद.

तू सांगितलंस तसंच मी केलं, हे रागावण्याआधी लक्षात घे. पहिल्याच दिवशी चटईवर मोठं ताट मांडलं. मिरानने वाडगा ताटात ठेवला आणि मान खाली नेली. मी आजीच्या कानाला लागले. आजी कसली थांबते! भांड्यात तोंड घालून आमच्याकडे डुकरं जेवतात, म्हणाली, हिला आईने काही शिकवलं नाही का? दुभाष्या घुटमळला. मी डोळे वटारले तेव्हा त्याने सांगितलं. मिरानचा चमचा हवेतच राहिला. तू इथे हवी होतीस, असं मला क्षणभर वाटलं.

मग आईने आपला वाडगा ताटात ठेवला, मान खाली घातली आणि तशीच जेवू लागली. मामाने पाहिलं, त्यानेही ठेवला. आजीला कळलं तेव्हा म्हणाली, या वयात मला डुक्कर करता काय रे मेल्यांनो? आणि पुटपुटत तिनेही ठेवला. तिच्या हनुवटीला लागलेला भात मिरानने पुसला.

दुसऱ्या दिवसापासून मिरान एकेकाला आपल्या भाषेत हाक मारून जेवा म्हणू लागली. दुभाष्याला चक्क आजोबा म्हणाली. तो बिचारा पस्तिशीचाही नसेल! निघताना तिने आईला सांगितलं, की लुआची जागा मी खोटं बोलून घेतली. आई एवढंच म्हणाली, मग ती परत दे.

लुआ, सोड आता. आजी पुढचा उन्हाळा काढेल की नाही, मला सांगवत नाही.

तुझी काळजी करणारी,
थाओताई


बुसान,
७ डिसेंबर २००३

ती. थाओताईस, शि. सा. न.

मी एकच गोष्ट मागितली होती, मिरानची फजिती. ती माझ्या पानात पडण्याआधीच आईने उचलून घेतली. माझा राग उतरला की तिला वेगळं लिहीन.

मिरानने आईचं ऐकलं. ह्वांग सरांपुढे तिने सगळं कबूल केलं. मार्चमधल्या दुसऱ्या पाहणीला लुआला पाठवा, मी तिच्या हाताखाली काम करीन, असं म्हणताना ती रडली. सरांनी मला विचारलं. या वेळी उत्तर जुळवायला मला वेळ लागला नाही. मी अतिशय आदराने सांगितलं, की चो सिनिअरना आमच्या घरची रीत आता उत्तम येते, त्यांनाच पाठवावं. सरांना तो माझा मोठेपणा वाटला. मिरानला मात्र समजलं. तिला माफी हवी होती. ती मी दिली नाही, आणि हे सरांसमोर तिला म्हणताही येईना. तो चेहरा मी स्वतः पाहिला.

आजीचं तू लिहिलंस ते मी वाचलं आहे. ते वाचूनच मी नाही म्हटलं आहे; माझं न येणं जितकं महाग, तितकं ते आजीपुढे सांगणं मिरानला जड जाईल.

मार्चमध्ये मिरान एकटी येईल. लुआ का आली नाही, हे तिने आजीजवळ बसून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, दुभाष्याशिवाय, आपल्या व्हिएतनामी भाषेत. तेवढी वाक्यं मी तिला शिकवते आहे. ती नाही म्हणत नाही. रोज दुपारी आम्ही दोघी बसतो. आजीला आता फक्त ऐकू येतं, म्हणून उच्चारांवर मी फार मेहनत घेते आहे.

आईला सांग, मी नीट जेवते. आणि मला परकी समजू नका.

तुझी,
लुआ