अप्पांचा ताल

केदारदादा,

अप्पांच्या भजनाची फ्लॉपी घेऊन मी औरंगाबादला स्टुडिओत चाललेय. पण तू कॉम्प्युटरवर ताल सरळ केलेलं भजन न्हाई, त्यांनी कीबोर्डवर वाजवलं तसंच कॅसेटवर जाईल. अर्धांगाचा झटका आल्यापासून त्यांचा डावा हात मागं राहतो, तर राहू दे. तुला लोकांची लाज वाटत असंल तर वाटू दे, मी ऐकणार न्हाई.

जेवणानंतर त्यांना गोळी दे. कीबोर्डची वायर काढू नको, संध्याकाळी ते वाजवायला बसतात.

काहून एवढी हट्टाला पेटले, म्हणशील. काल तू सरळ केलेलं भजन त्यांना ऐकवलं. खूश होऊन म्हणले, "लई सफाईनं वाजवतोय. कोण हाय गं हा?"

शिवकन्या