डिझेल, सीएनजी आणि तेजलचं सामान

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून रोज लिहायचं. आजपासून राग बंद. सगळं सिस्टीमने.

आप्पांची जुनी पिकअप आज बदलापूरच्या पुलावर चढतानाच बसली. मागे केमिकलचे ड्रम, त्यामागे अर्धं बदलापूर हॉर्न मारतंय. एकाने काच खाली करून मला काहीतरी शिकवलं. मी पण त्याला शिकवलं. तो उतरला, मी पण उतरलो. आप्पा मध्ये आले म्हणून वाचला. (राग बंद करायचं त्यानंतर ठरलं, त्यामुळे हे धरायचं नाही.)

आनंदनगरच्या ज्या कंपनीचा माल आम्ही उचलतो, तिथे डिस्पॅचला तेजल बसते. तिनेच सांगितलं, एक डिसेंबरपासून वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट निघतंय, पण ज्याची नवीन गाडी असेल त्यालाच. आप्पा मला म्हणाले, "मना गारी पायजे, टायमावर पायजे. तू शिकलेला, तू बघ."

शिकलेला म्हणाले. डिप्लोमा सोडला तेव्हा हेच आप्पा आठवडाभर बोलत नव्हते. सोडला म्हणजे काय, सर इंजिनचा टॉर्क चुकीचा शिकवत होते. मी उभा राहून सांगितलं. ते म्हणाले बाहेर जा. गेलो. नंतर कुणी आत ये म्हणालं नाही, एवढंच.

प्लॅन: इंजिन फायनल. गाडी दारात. कॉन्ट्रॅक्ट खिशात. मग त्याच गाडीने अंबरनाथच्या बुवापाड्याला, तेजलच्या वडिलांसमोर. हिंदुराव काका, मुलगी द्या. महिन्याभरात लाइफ सेट.

५ नोव्हेंबर, बुधवार

शोरूम. सेल्समन टाय लावून. विचारतो, बजेट काय सर? मी म्हटलं, आधी तुला टॉर्क कळतो का ते सांग. तो म्हणाला ब्रोशरमध्ये आहे. उठून निघून आलो.

परत गेलो, कारण हेल्मेट तिथेच राहिलं होतं. तोपर्यंत त्याने चहा मागवला होता.

ऑप्शन तीन. डिझेल, सीएनजी, इलेक्ट्रिक. तिन्हींचा डेमो मिळतो. मी अट घातली, रिकाम्या गाडीवर इंजिनचं खरं कळत नाही, लोड टाकून बघणार. तो म्हणाला, लोड तुमचा तुम्ही आणा.

घरी आप्पा म्हणाले डिझेल घे नि मोकळा हो, सगळ्या बेलवलीकडे डिझेल आहे. हेच ते, मागासलेले विचार. हेवी ड्युटी गाडी आहे, भाजी नाही. कम्पेअर केल्याशिवाय घेणार नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

तेजलला खिडकीत सांगितलं, डेमोसाठी लोड पाहिजे. ती चलनांवर शिक्के मारत होती. शिक्का हवेत थांबला. म्हणाली, आमचं फर्निचर आणायचंय उल्हासनगरहून, कात्रपला नवीन फ्लॅटवर, नेशील? भाडं किती होईल? मी म्हटलं, आपल्यात कसलं भाडं. हसली.

अंबरनाथ सोडून बदलापूरला घर. कात्रपहून पूल ओलांडला की आमची बेलवली. एवढं कुणी कुणासाठी करत नाही.

मित्राला, कल्पेशला सांगितलं. तो म्हणतो, तिचं लग्न ठरलं असेल बे. कल्पेशशी बोलणं बंद. कायमचं.

९ नोव्हेंबर, रविवार

डिझेलचा दिवस.

उल्हासनगर, फर्निचर बाजार. कपाट, डबल बेड, गादी. सेठने विचारलं, शादी का है क्या? मी म्हटलं हां. बोलून टाकलं, छाती हलकी झाली. तेजलने कपाट आयव्हरी बुक केलं होतं. मी बदलून मरून कलर केला. रिच दिसतं.

फर्निचर नुसतं फुगीर, वजन नाही. अशाने इंजिनची टेस्ट कशी होणार? कल्पेशच्या साइटवरून सिमेंटच्या गोण्या टाकल्या. (कल्पेशशी गोण्यांपुरतंच बोललो.) गादीला सिमेंट लागलं, झटकलं.

पुलावर तिसऱ्या गिअरला चढली. घरघर नाही, दम लागला नाही. रिपोर्ट: आवाज जास्त, तापतं लवकर, पण ओढायला लागलं की मागे बघत नाही. एकदम माझ्यासारखं.

फ्लॅटवर चावी घेऊन समीर नावाचा एक मुलगा होता. सोसायटीचा माणूस असावा. उचलायला बरा आहे, कपाट एकट्याने फिरवलं. त्यालाही पिकअप घ्यायची आहे, डोक्यात काही क्लिअर नाही म्हणाला. मी म्हटलं, मी आहे ना. मग त्यानेच विचारलं, सनीभाऊ, बेड कुठल्या भिंतीला लावू? मी सांगितलं, खिडकीकडे डोकं नको, सकाळी तोंडावर ऊन येतं. आत्तापासून लक्ष घातलेलं बरं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तेजलने विचारलं, मरून का रे? रागाने नाही, दमलेल्या आवाजात. मग आजूबाजूला बघून हळू म्हणाली, "सनी, माझं लग्न ठरलंय. तुला माहितीये ना?"

मी म्हटलं, माहितीये. ती म्हणाली, बरं झालं, मला वाटलं तुला सांगायला लागेल.

म्हणजे तिच्या बाजूने फायनल आहे. मी अजून इंजिनवर अडकलोय. लाज वाटली. उद्यापासून स्पीड.

१६ नोव्हेंबर, रविवार

सीएनजी.

गॅस भरायची लाइन नाक्यापर्यंत. एक रिक्षावाला मध्ये घुसला. मी राग बंद ठेवून त्याची चावी काढून घेतली. तो चार रिक्षावाले घेऊन आला. चावी दिली. लाइनीत परत शेवटी.

मग उल्हासनगरला भांड्यांचं दुकान. तेजलच्या आईने भांड्यांवर नावं टाकून ठेवली होती. मोठ्या हंड्यावर वाचलं: सौ. तेजल समीर. डोकं सटकलं. समीर म्हणजे तो चावीवाला. त्याच्या घरच्या कुणाचं तरी बिल ह्यात मिक्स झालंय. दुकानदार म्हणाला, भाई, जो बोला वो लिखा. मी म्हटलं, तुम्ही लोकांच्या आयुष्याशी खेळता. एवढा बोललो की बाजूच्या चार दुकानांतले लोक आले. शेवटी त्याने मशीन घेतलं, समीरवर रेघा मारल्या, बाजूला सनी कोरलं. एकच हंडा झाला आणि लाईट गेली. बाकीची भांडी तशीच नेली. लग्नानंतर बघू.

पुलाच्या चढावर दोनदा दुसऱ्या गिअरवर आणली. रिपोर्ट: बोलायला गोड, खर्चाला कमी, फुल लोडला मान टाकते. आणि अर्धं आयुष्य लाइनीत.

समीरने सगळी भांडी कागदासकट वर नेली. त्याला म्हटलं, तुझं नाव चुकून आलंय काही भांड्यांवर, मनाला लावून घेऊ नको. तो हसला. साधा आहे.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आप्पांनी विचारलं, गारी कवा? मी म्हटलं दोन ऑप्शन कव्हर, तिसरा बाकी. ते म्हणाले, कंपनीवाले रोज विचारतात, पासिंगला पण दिवस जातात. मी आवाज चढवला, शास्त्रशुद्ध काम घाईत होत नाही. आई पोळी लाटता लाटता थांबली. मग मी जेवलो नाही. मग जेवलो.

समीरला व्हॉइस नोट्स पाठवतो हल्ली. लो एंड टॉर्क, अ‍ॅक्सल लोड, चढावरचं गिअरिंग. सगळं ऐकतो, परत प्रश्न विचारतो. असा विद्यार्थी मिळाला असता तर मीच सर झालो असतो. त्याला क्लिअर सांगितलं, हेवी लोड असेल तर डोळे झाकून डिझेल. मी स्वतः अजून ओपन माइंड ठेवलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज लिहायचं नव्हतं, पण लिहितो.

इलेक्ट्रिक. सकाळी गाडी मिळाली तेव्हा चार्ज फुल. सिमेंट भरलं. बुवापाड्याला तेजलच्या गल्लीतून जरा फेऱ्या मारल्या, पिकअप कसा आहे बघायला. कमाल गाडी. आवाजच नाही. त्यामुळे कुणी खिडकीतही आलं नाही.

मग रुखवताचं सामान भरलं. हिंदुराव काका स्वतः शेजारी बसले, मांडीवर लाडवांचा मनोरा. एवढी शांत केबिन पुन्हा मिळणार नव्हती. मी म्हटलं, काका, मी तेजलचा फार विचार करतो. ते म्हणाले, करायलाच पाहिजे, लग्न आठवड्यावर आलं. मी म्हटलं, तुमचा होकार समजू ना? ते म्हणाले, अरे म्हणजे काय, तुझ्याशिवाय हे सामान हललं असतं का.

मी आनंदात पाय दाबला. फॉरेस्ट नाक्याला चार्ज तळाला गेला, स्क्रीनवर एक लाल कासव आलं. नंतर कासवपण गेलं. गाडी भर रस्त्यात उभी. आधी सेल्समनला फोन करून शिव्या दिल्या. तो म्हणाला, सर, लोड आणि फेऱ्या दोन्ही मोजायच्या असतात.

काकांनी कुणालातरी फोन लावला. थोड्या वेळाने समोरून नवीकोरी पिकअप आली. डिझेल. बोनेटवर झेंडूची माळ. आतून समीर उतरला. हुक लावला, दोर बांधला, काकांच्या पाया पडला.

काका माझ्याकडे वळून म्हणाले, "ओळख झालीच असेल तुमची. हे आमचे जावई."

मी म्हटलं, हो, झाली आहे.

दोराने ओढत आम्हाला कात्रपला नेलं. पुलावर माझी गाडी, सिमेंट, रुखवत, काका, सगळं मिळून. तिसऱ्या गिअरला.

१ डिसेंबर, सोमवार

हे लग्न घरच्यांच्या दबावाने आहे. तेजलच्या डोळ्यांत दिसतं. शेवटच्या क्षणी मुली निर्णय बदलतात, अशा केसेस आहेत. इंजिनपण आज फायनल करून टाकलं: डिझेल. लगेच शोरूमला गेलो. सेल्समन म्हणाला, बुकिंग घेतो सर, पण डिलिव्हरीला दिवस लागतील.

कॉन्ट्रॅक्ट सकाळीच समीरला गेलं. गाडी त्याचीच उभी होती.

आप्पांनी ऐकलं. ओट्यावर बसून जुन्या गाडीच्या ताडपत्रीची घडी घातली. मोडली. परत घातली. आप्पा ओरडले असते तर मला उलट ओरडता आलं असतं.

३ डिसेंबर, बुधवार

तेजलने कंपनीत बोलावलं. वाटलं, आली ती वेळ. नवा शर्ट घातला.

तिने खिडकीतून हंडा पुढे केला. मावेना. मग दार उघडून बाहेर आली. म्हणाली, "हा तूच ठेव सनी. सासूबाईंनी बघायच्या आधी." हंडा माझ्या हातात दिला. म्हणाली, तुला सांगितलं होतं रे मी. तू माहितीये म्हणालास.

मी म्हटलं, हंड्याच्या पत्र्याचं गेज चांगलं आहे.

स्कूटरवर पायात हंडा ठेवून आनंदनगरहून बेलवलीपर्यंत आलो. आईने नाव वाचलं. काही न विचारता ती बाजू भिंतीकडे फिरवली आणि आत तांदूळ ओतले.

५ डिसेंबर, शुक्रवार

लग्नाला जायचं नाही हा पक्का निर्णय.

गेलो, कारण आप्पांना सोडायला कुणी नव्हतं. पंगतीत कल्पेश बाजूला बसला. त्याने काही म्हटलं नाही. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जिलेबी परत घेतली. समीरने स्टेजवरून मला वर बोलावून फोटो काढला, नातेवाइकांना सांगितलं, ह्या भावाने गाडी निवडून दिली. आप्पा खाली उभे राहून ऐकत होते. जेवणानंतर ते आणि समीर मांडवाच्या मागे बराच वेळ बोलले. मी गेलो तेव्हा गप्प झाले.

८ डिसेंबर, सोमवार

समीर आणि तेजल देवदर्शनाला गेलेत. कॉन्ट्रॅक्ट आहे, गाडी उभी ठेवून चालत नाही. समीरच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून आप्पांनी मांडवातच माझा होकार देऊन टाकला होता. आमची गाडी येईपर्यंत, म्हणाले. गाडीचे पैसे जमवायचे तर कुणीतरी पगार आणला पाहिजे, हे आई म्हणाली.

आनंदनगरहून फुल लोड. इंजिन एक नंबर आहे, त्यात शंका नाही. चॉइस माझा होता. समोरच्या काचेवर मोठ्या अक्षरांत तेजल लिहिलंय. आतून उलटं दिसतं.

संध्याकाळी तिचा फोन आला. आजपर्यंत तिने स्वतःहून कधी केला नव्हता. उचलायच्या आधी गाडी बाजूला घेतली, केस नीट केले.

मायलेज किती पडलं विचारत होती.

सांगितलं.