उजीचा चहा आणि पोशेऱ्याचा राब

पोशेरा, ता. मोखाडा
जुलै २००१

तीर्थरूप मामांस तुळशीदासचा साष्टांग नमस्कार. मामींनाही सांगावा. (त्यांच्या गुडघ्यांना आमची चढण मानवत नाही, तेव्हा त्यांनी या खेपेला न आलेलंच बरं.) आम्ही सर्व खुशाल आहोत. पुष्पलता खुशाल, शाळा खुशाल. चहाच्या मळ्याची खुशाली मात्र जरा सविस्तर कळवावी लागेल.

ओकुदासानना मळा दाखवायला घेऊन येताय, हे कार्ड मिळालं. तुम्ही जपानला शेतकी प्रशिक्षणाला गेलात तेव्हा ज्यांच्या घरी उतरलात आणि 'तुमच्या उजीसारखा हिरवा चहा आमच्या डोंगरात पिकवून दाखवतो' असा ज्यांना शब्द दिलात, ते हेच गृहस्थ. शब्द तुम्ही दिलात आणि रोपं माझ्या घरामागच्या उतारावर लावलीत. उन्हाळ्यात मी त्यांना घागरींनी पाणी घातलं. गेल्या साली पहिली मूठभर पानं खुडली आणि तुमच्या सूचनेप्रमाणे खुडल्याखुडल्या वाफवली, पुष्पलताच्या मोदकपात्रात. (नंतर गणपतीत मोदकांना जो वास आला, त्याबद्दल ती तुमच्याशी स्वतंत्रपणे बोलणार आहे.) तो चहा, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा, शेजारच्या सुकऱ्याच्या आईला, गोजाबाईला दिला. तिने एक घोट घेऊन विचारलं, "घरात कोन आजारी हाय?"

यंदा तुम्ही कळवलंत की उजीत खुडणीआधी झुडपांवर मांडव घालून पेंढा पसरतात. ऊन अडलं की पान गडद होतं आणि तुरटपणा जातो. मी चैत्राअखेर बांबू रोवून पेंढा पसरला. अगदी तुमच्या फोटोतल्यासारखं दिसत होतं. पण मामा, आमच्या डोंगरात त्या दिवसांत शेतावर पेंढा नि पाला पसरतात तो एकाच कामासाठी, राब भाजायला. भात-नागलीचं रोप टाकायचं तर आधी ती जागा पालापाचोळा आणि शेण घालून भाजून काढायची. हे मला माहीत नव्हतं असं नाही, मी त्याच धुरात वाढलो. पण डोक्यात जपान शिरला होता.

वाडीला फार बरं वाटलं. मास्तर अखेर ती कडू झुडपं सोडून नागली करतोय, असं सगळ्यांनी धरलं. राब पातळ पडलाय, एवढीच काय ती हळहळ. मग मंगळू शेणाच्या पाट्या ओतून गेला, कमूने फांद्या आणून टाकल्या. (मला वाटलं, खत घालतायत. मी आभार मानले.) मी जव्हारला शिक्षकांच्या बैठकीला गेलो आणि इकडे वारा पडलेला बघून सुकऱ्याने काडी लावली. परत आलो तर तो राखेच्या कडेला उभा. म्हणाला, "मास्तर, तुमचा राब पातल होता. माझ्या राबाचा पाला आनून टाकला. बेस जललाय."

मी म्हणालो, बेस जळलाय. दुसऱ्या दिवशी तो स्वतःच्या राबासाठी नवा पाला तोडायला पुन्हा रान चढला. पुढे गोजाबाईने मला न विचारता आमच्या राबात नागली पेरूनही टाकली. जूनमध्ये तुम्ही विचारलंत तेव्हा 'मळा हिरवागार आहे' असं मी कळवलं, त्यात खोटं काही नव्हतं.

तरी कृपा करून ओकुदासानना नाशिकहून परस्पर अजिंठ्याला न्यावं. तिथेही चहा नाही, पण तिथला तुम्ही कुणाला शब्द दिलेला नाही.

तुमचा भाचा,
तुळशीदास

ता. क. : पत्र टाकायला निघालो तर फाट्यावर एसटीतून तुम्ही दोघंच उतरताना दिसलात. सध्या तुम्ही न्हाणीत आहात. तोंडाने सांगायची माझी छाती नाही, म्हणून हे तुमच्या चष्म्याच्या घरात घालून ठेवतो.

पुन्हा ता. क. : पाहुणे न थांबता घरामागच्या उतारावर गेले. सुकऱ्याने त्यांना नागलीचं रोप दाखवलं, जळके बुंधे दाखवले आणि पाला कसा पसरला, काडी कशी ओढली, सगळं हातवारे करून समजावलं. ते बराच वेळ बुंध्यांकडे बघत होते. मग सुकऱ्यासमोर कमरेत वाकले. त्यांचं काही पडलं असावं असं वाटून आता सुकऱ्याही वाकून चिखलात शोधतोय.

मामा, मला काय बोलायचं ते बोला. सुकऱ्याला मात्र काही बोलू नका. मास्तरांच्या राबाला आपला पाला लागला, हे तो वाडीभर सांगत असतो. काय जळलं ते त्याला कुणीच सांगितलेलं नाही. मी सांगितलं नाही, पुष्पलताने नाही, आणि पाहुण्यांना सगळं कळूनही त्यांनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. आता तुम्ही तेवढे राहिलात.