बुरशीच्या बरण्या

मंगळवार, ता. १४

प्रिय अक्का,
साष्टांग नमस्कार.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. रोज लिहायला बसतो आणि उठतो. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला नीट बोलता येत नाही, म्हणून पत्रच बरं. गुडघा शेकतेस ना? जिना उतरताना कठडा धर.

इथे सगळं ठीक. छाती धडधडते, पण ती आनंदाने, असं डॉक्टरीणबाई म्हणतात.

आपली लाँड्री बंद पडून होती ना, तिथे आता दर रविवारी वस्तीतली मुलं विज्ञान शिकतात! कॉलेजच्या मॅडम शिकवायला आपले विद्यार्थी पाठवतात. डॉक्टरीणबाईंनी दवाखान्यातला जुना सूक्ष्मदर्शक दिला, चष्मेवाल्याने भिंगं दिली, बल्बच्या कारखान्याने तारा आणि दिवे. पाहणीत पसंत पडलं तर एक मोठी संस्था तीन वर्षांचा खर्च उचलणार, फक्त जागा वस्तीने द्यायची. मी दारात खुर्ची टाकून बसतो. कोणाला शॉक लागेल, कोण काच फोडेल, जिवाला घोर. पण एका पोराने तारा जोडून दिवा लावला, तेव्हा टाळी पहिली माझीच.

शनिवारी मात्र घोटाळा केला. रविवारी संस्थेच्या बाई पाहणीला यायच्या होत्या. म्हटलं, जागा लख्ख हवी. खिडकीत काचेच्या बरण्या होत्या, आत पावाचे तुकडे, त्यांवर हिरवी-काळी बुरशी. पोरं खाऊ विसरली असतील असं समजून मी सोडा टाकून, गरम पाण्याने घासून बरण्या पालथ्या घातल्या. जन्मभर लोकांचे डाग काढले, दुसरं काय सुचणार?

रविवारी सकाळी चिमणी आली. रिक्षावाल्याची मुलगी. एवढीशी आहे, आवाज भोंग्यासारखा.

"आजोबा, आमचा प्रयोग कुठंय?"

"कसला प्रयोग?"

"बुरशीचा. किती दिवस वाढवत होतो आम्ही."

"अगं, ती... धुतली मी."

"कपडे धुवा की आजोबा, विज्ञान कशाला धुता?"

पोरं खो खो हसली. मी रडायच्या बेतात. तेवढ्यात संस्थेच्या बाई दारात. त्यांच्याबरोबर आलेल्या कॉलेजच्या मॅडमचा चेहरा पांढराफटक.

चिमणी मात्र पुढे झाली. "आजोबांनी प्रयोग धुतला. पण आता आम्ही निम्म्या बरण्या यांच्या सोड्याने धुणार, निम्म्या नुसत्या पाण्याने. मग सगळ्यांत पाव ठेवणार आणि बुरशी कुठे आधी येते ते बघणार."

बाईंनी विचारलं, "तुला काय वाटतं, कुठे येईल?"

"वाटून काय उपयोग? बघायला लागेल."

अक्का, बाई हसल्या आणि आपल्या इस्त्रीच्या टेबलाशी बसल्या त्या दुपारपर्यंत. जाताना म्हणाल्या, "आमच्याकडून मंजूर समजा." मला तर दोन दिवस जेवण गोड लागतंय.

चिमणीचा डोळा सूक्ष्मदर्शकापर्यंत पोचत नाही. ती लाकडी खोक्यावर चढून बघते. खोकं तुझंच. लहानपणी तुझा हात इस्त्रीच्या टेबलाला पुरावा म्हणून आपल्या आबांनी ठोकलेलं. त्यावर उभी राहून तू कॉलरी दाबायचीस, म्हणून मी चौथीपर्यंत तरी शाळेत गेलो. तुला तेवढंही मिळालं नाही.

आता सांगतोच. दुकान आपल्या दोघांचं. तुला ते भाड्याने द्यायचं होतं, मला ठाऊक आहे. तुला न विचारता मी सगळ्यांना सांगून बसलो की अक्काचा होकार आहे. तू नाही म्हणशील, या भीतीनेच पत्र लांबवत गेलो. जागेच्या करारावर दोघांच्याही सह्या लागतात आणि महिनाअखेरीला बाई परत येणार आहेत. सही नसली तर जागा नाही आणि जागा नसली तर खर्चही नाही. मग भिंगं चष्मेवाल्याकडे, तारा कारखान्यात, पोरं रस्त्यावर.

रागव. हवं तेवढं बोल. पण इथे येऊन, त्या टेबलाशी उभी राहून बोल. चिमणीला सांगितलं की खोकं माझ्या अक्काचं आहे. ती म्हणाली, "मग त्या आल्या की आधी त्यांची पाळी."

होकार असो वा नकार, एवढं लवकर कळव. पोस्टमन दिसला की मी जिन्यात जाऊन उभा राहीन.

तुझी पाळी राखून ठेवलेला,
तुझा घाबऱ्या