अमेरिकेचा फॉर्म आणि इराची बरगडी

३ ऑगस्ट, रवि.
सकाळी अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटीच्या रोइंग कोचबाईंचा व्हिडिओ कॉल. मी, नवरा मंदार आणि मधे आमची इरा. मुलगी दाखवायला बसल्यासारखे तिघं सोफ्यावर. उंची विचारली, वजन, रोइंग मशीनवरचा दोन किलोमीटरचा वेळ. काय शिकायचंय ते विचारलंच नाही. शेवटी मीच म्हटलं, हिला मरीन बायॉलॉजी करायचंय. "ऑसम!" म्हणाल्या. संपलं.
स्कॉलरशिपचं बहुतेक जमेल. मंदार दिवसभर हवेत.

५ ऑगस्ट, मंगळ.
एजंट ग्रेग घरी आला. इथल्या खेळाडू मुलांना तिकडे जागा मिळवून देतो. स्कॉलरशिप म्हणे दर वर्षी नव्याने ठरणार. हिचे फोटो ते टी-शर्टांवर, बॅनरवर वापरणार.
"त्या पैशातलं तिला काय मिळणार?"
"स्टुडंट व्हिसावर अवघड असतं."
"आणि दुखापत झाली तर?"
"त्यांचे डॉक्टर्स वर्ल्ड क्लास आहेत."
हे काय उत्तर झालं? तो गेल्यावर मंदार म्हणाला, तू प्रत्येक गोष्टीत साइड इफेक्टच शोधतेस. फार्मासिस्ट आहे मी. शोधणारच.

९ ऑगस्ट, शनि.
इराच्या किटबॅगेतून ओले कपडे काढताना आयबुप्रोफेनची, दुखणं दाबायच्या गोळ्यांची पाकिटं सापडली. दोन रिकामी, एक अर्धं. सुपरमार्केटमधली. माझ्या फार्मसीतली नाहीत, म्हणजे मला कळू नये म्हणून.
"इट्स जस्ट टाइट, आई."
खोल श्वास घे म्हटलं. अर्ध्यावरच थांबली.

१२ ऑगस्ट, मंगळ.
स्कॅन झाला. डाव्या बरगडीला हेअरलाइन फ्रॅक्चर. सहा आठवडे वल्ह्याला हात लावायचा नाही. घरी परत येताना पेटोनीच्या किनाऱ्याशी समुद्र दिसला तशी इराने मान फिरवली.
आणि युनिव्हर्सिटीला हेल्थ फॉर्म शुक्रवारपर्यंत हवाय. 'सध्या काही दुखापत आहे का?' हो किंवा नाही. खाली पालकांची सही.

१४ ऑगस्ट, गुरु.
जेवताना भांडण. मंदारचं म्हणणं, जायला अजून वर्ष आहे, तोवर हाड भरून येईल, 'नाही' लिहिलं तर कुणाचं काय बिघडतं?
"आणि तिकडे पुन्हा मोडलं तर? तेव्हा कोण असेल तिच्याजवळ?"
मग मंदार हळूच म्हणाला, "मला कधी कुणी असं बोलावलं नव्हतं गं."
इरा ताट सरकवून उठली. "स्टॉप इट. इट्स माय रिब." मग दारातून, "रोइंग नसेल तर त्यांना मी नकोय. आय नो दॅट, आई. यू डोन्ट हॅव टु टेल मी."
एवढं सगळं मराठीत-इंग्रजीत एका दमात. नंतर बरगडी धरून उभी.
सतरा वर्षांची आहे.

१५ ऑगस्ट, शुक्र.
सकाळी उठले तर फॉर्म टेबलावर. 'हो'च्या चौकटीत खूण, इराच्या हातची. स्कॅनचा रिपोर्ट मागे जोडलेला. ती टोस्ट खात होती, वर बघितलं नाही. मी सही केली. मंदारने दोनदा वाचला. वाटलं आता काहीतरी बोलेल. पण त्यानेच अपलोड केला. मग बूट न घालताच गाडी काढायला निघाला, परत आला.

१८ ऑगस्ट, सोम.
उत्तर आलं. खरं सांगितल्याबद्दल आभार. सहा आठवड्यांनी नवा स्कॅन आणि मशीनवरचा नवा वेळ पाठवा. मधल्या काळात आम्ही आणखी दोन मुलींशी बोलतोय.
हो नाही, नाही पण नाही. ग्रेगचा फोन, "ऑल गुड, स्वीट ॲज." म्हणजे इथल्या बोलीत सगळं झकास. मंदार कॅलेंडरवर आठवडे मोजत बसला.
इराने मेल तीनदा वाचला. मग माझ्याकडे बघून, "आर यू हॅपी?"
मी लगेच "नाही" म्हटलं.
फार लगेच म्हटलं. आत कुठेतरी मला बरंच वाटलं होतं, ते तिला कळलं असावं.