बारबाहेरचा ट्रक

१ जानेवारी
मेहुण्याचा ट्रक पुन्हा खड्ड्यात. रोलंड पकडला गेला नाही, कारण पोलीस डेप्युटी येण्याआधी शेजारच्याने ट्रॅक्टर लावून ट्रक बाहेर ओढला. विस्कॉन्सिनच्या आमच्या भागात याला शेजारधर्म म्हणतात. माझी बायको मार्लिस रडली. म्हणाली, जिल्ह्याच्या रस्तासुरक्षा समितीचा सचिव माझ्या घरात झोपतो आणि माझा भाऊ एक दिवस शवागारात सापडणार. बोलणं बोचरं, पण मुद्दा रास्त.
संकल्प: या हिवाळ्यात रोलंड एकदाही पिऊन गाडी चालवणार नाही. जबाबदारी माझी.

७ जानेवारी
आमच्या राज्यात पिऊन गाडी चालवताना पहिल्यांदा सापडलं तर तो गुन्हाच नाही. नुसती पावती! आमदारांना सविस्तर पत्र लिहायला घेतलं. 'लाजिरवाणं' हा शब्द जास्त होतो का? बराच विचार केला. ठेवला.

११ जानेवारी, शनिवार
समितीची फुकट व्हॅन कालपासून सुरू. शुक्रवारी सगळं गाव तळलेले मासे खायला बारमध्ये लोटतं, त्यामुळे मुहूर्त अचूक. चालक विल्मर, निवृत्त स्कूलबसवाला. प्रवासी: कुणी नाही. थंडीमुळे असावं.

१८ जानेवारी
कालही कुणी नाही. थंडी कमी होती.
बारवाल्या जेनेलला कारण विचारलं. ती आधी पोटभर हसली. मग म्हणाली, अहो साहेब, माणूस व्हॅनने घरी जाईल, पण ट्रक? तो राहतो माझ्या आवारात. सकाळी बेकरीला निघालेलं अख्खं गाव बघतं कुणाचा उभा आहे ते. पिऊन चालवला तर देवाला दिसतं, उभा ठेवला तर पाद्र्यांच्या बायकोला. देव माफ तरी करतो.
हे समितीच्या एकाही अहवालात नाही. लोकांची लाज मोडायला हवी. स्वतः उदाहरण घालून देणार. माझ्या ट्रकच्या मागे मोठं पिवळं स्टिकर लावलं: 'मी व्हॅनने घरी जातो. तुम्ही?'

२० जानेवारी
स्टिकरचा अर्थ मी पितो असाही निघतो. छापण्याआधी लक्षात यायला हवं होतं. खरवडून पाहिलं. गोंद उत्तम प्रतीचा आहे.

२५ जानेवारी
रोलंडवर लक्ष ठेवायला काल त्याच्यासोबत बारमध्ये बसलो. तो म्हणाला, दाजी, तुम्ही सोडा घेऊन बसलात की मला दाताच्या डॉक्टरकडे आल्यासारखं वाटतं. विश्वास संपादन करणं हे प्रतिबंधाचं पहिलं तत्त्व. म्हणून एक ब्रँडी घेतली. चेरी घालून.

१ फेब्रुवारी
पुन्हा बसलो. विश्वास वाढतो आहे. परतताना ट्रक मी चालवला. रोलंडने चालवला नाही, हे महत्त्वाचं. मार्लिसने दारातच विचारलं, वास कसला? माशाच्या पिठात बिअर असते, असं सांगितलं. ती असतेच. तरी हे खोटं बोलणं ठरतं का, याचा बराच वेळ विचार केला. निष्कर्ष निघाला नाही.

८ फेब्रुवारी
कालही तेच. पिठात फार बिअर असते बाई या जेनेलच्या, असं मार्लिस म्हणाली. आवाज नेहमीचा नव्हता.
संकल्प: पुढच्या शुक्रवारी फक्त सोडा.

१५ फेब्रुवारी, दवाखान्यात
नीट लिहायला हवं. निदान इथे तरी.
काल व्हॅन रोलंडने बोलावली. स्वतःहून. योजनेचा पहिला प्रवासी! विल्मरने दार उघडून धरलं. रोलंड म्हणाला, चला दाजी, आज तुम्हीही चला. मी आवारातल्या ट्रककडे पाहिलं. पिवळं स्टिकर दिव्याखाली चमकत होतं. सकाळी बेकरी. पाद्र्यांची बायको. समितीची अब्रू.
विल्मरला म्हटलं, तू जा, याला मी सोडतो.
रोलंड म्हणाला, दाजी, शपथेवर सांगतो, आज तुमच्यापेक्षा मी शुद्धीत आहे. मी म्हटलं, मी सचिव आहे. तो थोडा वेळ व्हॅनपाशीच उभा राहिला. मग माझ्या शेजारी येऊन बसला. म्हणाला, तुम्हाला एकटं सोडलं तर ताई मला जिवंत ठेवणार नाही.
चर्चच्या वळणावर बर्फ होतं. खांब त्याच्या बाजूला लागला.
डेप्युटीने मला सरळ रेषेत चालायला लावलं. निसरड्या रस्त्यावर ही चाचणी घेऊ नये, असा नियम आहे; मीच त्यांच्या प्रशिक्षणात शिकवला होता. समितीत टिपण देणार.

१९ फेब्रुवारी
रोलंडचा उजवा पाय गुडघ्याखाली काढला. शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, दाजी, त्या व्हॅनमध्ये हीटर होता हो. मार्लिस खिडकीकडे तोंड करून उभी होती.

२२ फेब्रुवारी
मला पावती मिळाली. पहिलीच वेळ, आणि इजा बर्फामुळे झाली अशी नोंद, त्यामुळे गुन्हा नाही. वकील म्हणाला, नशीबवान आहात, दुसऱ्या राज्यात असतात तर रेकॉर्डवर आला असतात. आमदारांना लिहिलेलं पत्र पाठवायचं राहिलंच होतं. 'लाजिरवाणं' खोडलं. मग वाटलं, कायदा घाईने बदलू नये. पत्र खणात ठेवलं.
ट्रक क्रेनने नेऊन गॅरेजच्या अंगणात ठेवला आहे. गॅरेज बेकरीच्या समोर. पुढचा भाग उरलेला नाही. मागची बाजू शाबूत.
जानेवारीतला संकल्प काढून वाचला. रोलंडने या हिवाळ्यात एकदाही पिऊन गाडी चालवली नाही. संकल्प पूर्ण झाला.
हे मार्लिसला सांगता येत नाही.